काळ्या रानाची गोष्ट



पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात पाय घातला की चप्पल तिथंच रुतून बसते. उन्हाळ्यात त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बचत गटाच्या बैठकीत बाया विचारतात, "परसबागेतली वांगी पिवळी का पडतात? मेथी वर का येत नाही?" याचं उत्तर शोधायला जरा मागं जावं लागतं.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीतून लाव्हा वाहिला. थिजून त्याचा काळा दगड झाला आणि दगड झिजून माती झाली. बालाघाटाच्या डोंगरावरची माती पावसानं खाली आली. म्हणून आष्टी-पाटोद्याकडं हलकं माळरान जास्त, तर गेवराई-माजलगावकडं गोदावरी आणि सिंदफणेच्या काठाला भारी काळी जमीन. या मातीचा कण फार बारीक असतो. ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो. फुगला की मातीतली हवा जाते आणि मुळं गुदमरतात. पण हीच माती पाणी धरून ठेवते. म्हणून तर पाऊस सरल्यावर नुसत्या ओलीवर शाळू, हरभरा, करडई येते.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. ते पावसाळ्यात भारी रान मोकळं ठेवायचे, वखराच्या पाळ्या घालायचे आणि वाफसा आल्याशिवाय औत धरायचे नाहीत. रानात धनगरांच्या मेंढ्या बसवायचे. गोठ्यातलं शेण आणि घरातला केर उकिरड्यात जायचा, उन्हाळ्यात तेच खत रानात पडायचं. गोठा झाडणं आणि डोक्यावर पाटी वाहणं हे काम बहुतेक बाईचंच.

पुढं या जुन्या ज्ञानाला शास्त्राची जोड मिळाली ती होळकरांच्या इंदूरला. तिथलीही माती आपल्यासारखीच काळी, आणि पीक कापसाचं. १९२४ साली तिथं संशोधन संस्था निघाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतीशास्त्रज्ञ होत्या आणि दोघं बरोबरीनं काम करत. यशवंत वाड हे तिथले रसायनशास्त्रज्ञ.

त्यांच्यापुढं आपलाच प्रश्न होता. शेण चुलीत जातं, मग रानाला काय घालायचं? चीनमधले शेतकरी कित्येक पिढ्या खत कसं करतात, हे हॉवर्डनी वाचलं होतं. इंदूरला त्यांनी पऱ्हाट्या रस्त्यावर पसरल्या. गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा झाला. तो जनावरांखाली अंथरला. मग दोन फूट खोल खड्ड्यात त्याचे थर दिले आणि थरांवर शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख पाण्यात कालवून शिंपडली. तीनदा उलथापालथ केली की तीन महिन्यांत खत तयार. शेण थोडंच लागलं, कारण मूत्रमातीतही मोठी ताकद असते. १९३० साली गॅब्रिएल वारल्या. १९३१ साली या पद्धतीचं पुस्तक आलं, त्यावर नावं हॉवर्ड आणि वाड यांची.

त्या काळात आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पुढं १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर बायांनी खडी फोडली, माती वाहिली, बांध घातले. त्याच वर्षी हैदराबादजवळ पटनचेरूला 'इक्रिसॅट' ही संशोधन संस्था सुरू झाली. तिनं काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली. पीक वरंब्यावर राहतं आणि जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं.

आज गोठ्यात जनावरं कमी झाली आहेत. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला जातात आणि उकिरडा ओस पडतो. पऱ्हाट्या आणि पाचट पेटवून दिलं जातं. मातीचा जीव असा जळत जातो.

मग परसबागेत काय करायचं? ओल्या मातीत पाय घालू नका, वाफसा येऊ द्या. वीतभर उंच वाफे करा, मधून पाण्याला वाट ठेवा. दर वर्षी कुजलेलं खत घाला, त्यानं माती रवाळ होते आणि हवा खेळते. वर पालापाचोळ्याचं आच्छादन करा, भेगा कमी पडतील. थोडी वाळू मिसळू नका, वाळल्यावर माती विटेसारखी घट्ट बसते. तलावाचा गाळ हलक्या माळाला चांगला, भारी काळीला नको. रान चोपण झालं असेल तर आधी माती तपासा, मगच जिप्समचा विचार करा.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या सख्यांनो, जाण्याआधी खड्डा भरून ओला करा आणि मातीनं झाका. गावात राहणाऱ्या एका सखीनं अधूनमधून पाणी टाकलं आणि उलथापालथ केली, तर तुम्ही परत याल तेव्हा खत तयार असेल. गटानं एवढी पाळी वाटून घेतली तरी पुष्कळ झालं.

सातबाऱ्यावर आपल्यातल्या फार थोड्या जणींचं नाव आहे. ते लागायलाच हवं. पण तोवरही उकिरडा आपल्याच हातात आहे, आणि रानाचा कस तिथूनच सुरू होतो.