निळे दिवे रात्री धूसर का दिसतात?

रात्रीच्या वेळी दूरवरच्या दुकानावरील निळी, जांभळी अक्षरे पसरट दिसतात, पण शेजारची हिरवी किंवा पिवळी अक्षरे मात्र रेखीव दिसतात. दृष्टी निर्दोष असलेल्यांनाही हा अनुभव येतो. याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे.

प्रकाशकिरण पारपटल व नेत्रभिंग यांतून जाताना वळतात आणि दृष्टिपटलावर एकत्र येतात. मात्र सर्व रंगांचे किरण सारखे वळत नाहीत. कमी तरंगलांबीचे निळे किरण अधिक वळून दृष्टिपटलाच्या अलीकडे, तर लाल किरण कमी वळून पलीकडे केंद्रित होतात. या दोषाला वर्णीय विपथन म्हणतात. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते; जांभळ्यापासून लाल रंगापर्यंत तीत सुमारे २ डायॉप्टरचा फरक पडतो. थॉमस यंग यांनी १८०१ साली हा फरक मोजण्याचा प्रयत्न केला होता.

दुर्बिणीतील हा दोष दोन प्रकारच्या काचा जोडून कमी करता येतो. अशा भिंगाचे पेटंट जॉन डोलंड यांना १७५८ साली मिळाले. डोळ्यात अशी जोडभिंगे नाहीत. उजेडात डोळा ज्याला सर्वाधिक संवेदनशील असतो, तो सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळसर हिरवा प्रकाश. त्याच्या आसपासचे रंग दृष्टिपटलावर नीट केंद्रित होतात. मग निळ्याचे काय? नेत्रभिंग व पीतबिंदूतील पिवळी रंगद्रव्ये निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात. पीतबिंदूतील ल्युटिन व झिॲक्झांथिन ही द्रव्ये शरीर तयार करू शकत नाही. ती पालेभाज्या, मका, अंड्यातील पिवळा बलक यांतून मिळतात. शिवाय निळ्या प्रकाशाला संवेदनशील शंकुपेशी मुळातच थोड्या असतात आणि दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूवर त्या नसतातच. त्यामुळे निळ्या प्रतिमेचा धूसरपणा दिवसा आपल्याला जाणवत नाही.

काळोखातील निळ्या दिव्याच्या बाबतीत मात्र दुसरा रंग मदतीला नसतो. दूरचे पाहताना डोळ्याचे स्नायू पूर्ण सैल असतात. त्याहून सैल होणे शक्य नसते. म्हणून निळ्या प्रकाशापुरता प्रत्येक निर्दोष डोळा सुमारे १ डायॉप्टरने ऱ्हस्वदृष्टी असतो. तोच दिवा हाताच्या अंतरावर आणला की स्पष्ट दिसतो.

चष्म्याचा नंबर तपासताना याच दोषाचा उपयोग करून घेतात. तक्त्याचा अर्धा भाग लाल व अर्धा हिरवा असतो आणि दोहोंवरील काळी अक्षरे सारखीच ठळक दिसणे अपेक्षित असते. लाल भागातील अक्षरे अधिक ठळक दिसली तर उणे नंबर अपुरा पडतो आहे. हिरव्या भागातील दिसली तर तो जास्त झाला आहे. जास्त उणे नंबराचा चष्मा लावूनही तरुणांना स्पष्ट दिसते, पण त्यासाठी नेत्रभिंगाला सतत ताण द्यावा लागतो. त्यातून डोळे थकणे, डोके दुखणे अशा तक्रारी उद्भवतात. ही चाचणी रंग ओळखण्यावर नव्हे, तर स्पष्टतेच्या तुलनेवर आधारलेली असल्याने रंगांधळ्या व्यक्तींनाही ती देता येते. म्हणूनच ‘लाल की हिरवे?’ या प्रश्नाचे उत्तर घाईने न देता नीट पाहून द्यावे.