शीव, थळ आणि राजीनामा



'राजीनामा' म्हटलं की आज आपल्याला एखादा मंत्री आठवतो. मराठेशाहीच्या कागदांत मात्र हा शब्द वेगळ्याच जागी भेटतो. शिवेवरून तंटा लागला की दोन्ही बाजूंकडून आधी लिहून घेत, की पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य. राजी असल्याचं लिहून दिलं, तो राजीनामा. त्यासोबत जामीनही घेत. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या.

निवाडा करायला गोतसभा बसे. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावांचे वतनदार. निकालाचा कागद म्हणजे महजर. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाच्या नावापुढचा नांगर तर पानोपानी दिसतो. हरलेल्याकडून यजितखत घेत: मी खोटा झालो, पुन्हा कज्जा करणार नाही.

मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती 'थळ'. गावच्या पंचांवर भरवसा नसेल, तर पक्षकार परस्थळ मागू शकत. वाद मग दुसऱ्या गावच्या गोतापुढे जाई. पंच आपला शेजारी असणं ही सोयही असते आणि भीतीही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

आता शीव कुठे, हे सांगणार कोण? नकाशा नव्हता. ओढा, खुणेचा दगड, जुनं झाड आणि माणसांची आठवण, एवढाच पुरावा. त्यात महार वतनदाराची साक्ष मोलाची, कारण शिवेची राखण त्याच्याकडे. काही वादांत तर कातडं डोक्यावर घेऊन शीव चालून दाखवावी लागे. ती खोटी चालली तर अरिष्ट येतं अशी समजूत. कुणाला उकळत्या तेलातून धातूचा रवा काढण्याचं दिव्य करावं लागे. हात भाजला, की गाव हरलं!

म्हणून या जुन्या पद्धतीची आरती ओवाळायला मी तयार नाही. ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, त्यालाच गावकुसाबाहेर राहावं लागे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर जो प्रहार केला, तो या व्यवस्थेलाही लागू पडतो.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात पंचायती टिकवाव्यात असंच मत मांडलं होतं. टिकल्या नाहीत. १८२७च्या कायदेसंहितेनंतर लोक कोर्टाकडे वळत गेले. १८३०च्या दशकात इंदापूरपासून जमिनीची नवी मोजणी सुरू झाली आणि आठवणीची जागा हळूहळू नकाशाने घेतली. तंटे काही थांबले नाहीत. शिवेवरचा वाद बांधावर आला, दोन गावांऐवजी दोन भाऊ भांडू लागले.

महाराष्ट्रात २०२३मध्ये 'सलोखा' योजना आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान १२ वर्षं चाललं असेल, तर परस्परसंमतीने अदलाबदल नोंदवता येते. मुद्रांक शुल्क १,००० रुपये, नोंदणी फी १,००० रुपये. दोघे राजी नसतील, तर योजना लागूच होत नाही. त्याच वर्षीच्या मध्यस्थी कायद्यात मध्यस्थ कोण, हे पक्षकारांनी आपसांत ठरवावं आणि सहीनिशी झालेल्या तडजोडीची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी व्हावी, अशी तरतूद आहे. महजर आणि थळ, दोन्ही नव्या कपड्यांत परत आलेत म्हणा ना! दिव्य तेवढं गेलं.