जेऊरच्या माळावर दोन मिनिटं

मोबाइल घरीच ठेवा, अंगावर घोंगडी ओढा आणि धाराशिवच्या वेशीबाहेरच्या बैलगाडीत चढा. साल १८९८, महिना जानेवारीचा. येडशीचा घाट उतरेपर्यंत तुमची हाडं खिळखिळी होणार. बार्शीला छोट्या रुळांची आगगाडी उभी आहे. सुरू होऊन वर्षही झालं नाही, म्हणून निम्मी गर्दी नुसतं इंजिन बघायला आलीय. डब्यात तंबाखू, घाम, ओल्या घोंगड्यांचा वास आणि डोळ्यांत कोळशाची कणी. बार्शी रोडला, म्हणजे तुमच्या कुर्डुवाडीला, मोठी गाडी धरा. दिवस प्लेगचे आहेत. स्टेशनात डॉक्टरानं काख चाचपली तर बिचकू नका.

जेऊर आलं. आज शनिवारची अमावास्या, त्यात खग्रास ग्रहण! ऊन चटके देतंय, हुरड्याला आलेली ज्वारी खुणावतेय, पण वेध लागलेत, खायचं नाव काढू नका. एकीकडे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि त्यांचा चाळीस फुटी कॅमेरा. दुसरीकडे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला, सूर्याचा उजेड फोडून त्याचा वर्णपट काचेवर टिपायला सज्ज.

काजळी धरलेली काच डोळ्याला लावा. ऊन पिवळटतं, मग राखाडी होतं. मानेवरून गार वारा जातो, कावळे झाडांकडे पळतात. वस्तीकडून आरोळी येते, ‘दे दान, सुटे गिऱ्हाण!’ आणि भर दुपारी अंधार.

अवघी दोन मिनिटं. सूर्याची शेवटची कड झाकली जाते त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा झळकून उठतात. हायड्रोजनची लाल, हेलियमची पिवळी, जांभळ्या टोकाला कॅल्शियमच्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या, त्यांवरून तिथं काय तापलंय ते कळतं. हा झळका जेमतेम काही सेकंदांचा. कुणी काच सरकवतो, कुणी दुसरी बसवतो. मध्ये कडमडू नका!

तुमची जीभ आता वळवळणार. सांगावंसं वाटेल, ‘कावसजी, कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी पुढं कॅलिफोर्नियातून आकाश धुंडाळतील. त्यांच्या चमूला सापडलेले काही ताऱ्यांचे स्फोट नेहमीच्या स्फोटांहून दहापट झगझगीत निघतील. २०११ साली रॉबर्ट क्विम्बी आणि सहकारी त्या स्फोटांच्या वर्णपटातल्या मॅग्नेशियमच्या रेषांवरून अंतर काढतील. हायड्रोजनचा मागमूस नाही, निळ्या भागात ऑक्सिजनच्या खुणा, हे दिसेल. सरकलेल्या रेषा सांगतील की वायू सेकंदाला दहा हजार किलोमीटरहून अधिक वेगानं उधळलाय.’ पण गप्प बसा, त्यांचे सेकंद मोजणं चाललंय.

उजेड परतला! माणसं विहिरीकडं धावतात. एक म्हातारा तुम्हाला गाठतो, “एवढ्या लांबनं सायब ह्याच्यासाठी आला व्हय?”

“व्हय आजोबा. तिथं जाता येत न्हाई, म्हणून तिथला उजेड धरून नेतोय.”

“मग धरू दे की. तू आधी आंघोळ कर, भाकरी खा!”