विकत घेतलेलं पुस्तक कुणाचं?

पुस्तक विकत घेतलं की ते आपलं झालं, असं आपण धरून चालतो. वाचून झालं की शेजाऱ्याला देतो, भाच्याला वाढदिवसाची भेट म्हणून देतो, घर बदलताना रद्दीत घालतो. रद्दीतून ते पदपथावरच्या विक्रेत्याकडे जातं आणि तिथून एखाद्या विद्यार्थ्याच्या पिशवीत. या प्रवासात ना लेखकाला कुणी विचारत, ना प्रकाशकाला. पण ही गोष्ट सगळ्यांना मान्य होती असं नाही. अमेरिकेत यावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

इंडियानापोलिस शहरातल्या बॉब्ज-मेरिल या प्रकाशन संस्थेनं १९०४ साली 'द कास्टअवे' नावाची कादंबरी काढली. लेखिका होत्या हॅली एर्मिनी राइव्ह्ज आणि विषय होता कवी बायरनचं आयुष्य. आत, कॉपीराइटच्या ओळीखाली, एक सूचना छापली होती. पुस्तकाची किंमत एक डॉलर. त्याहून कमी किमतीत विकायची कुठल्याही दुकानदाराला परवानगी नाही. कुणी विकलंच, तर तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कमधल्या मेसीज या भल्या मोठ्या दुकानानं ही सूचना बाजूला ठेवली आणि पुस्तक ८९ सेंटला विकायला काढलं. प्रकाशकांनी दुकानाचे मालक इसिडोर आणि नेथन स्ट्राउस यांच्यावर दावा लावला.

वाद वरवर अकरा सेंटचा. आतला प्रश्न मोठा होता. माल दिला, पैसे घेतले, तरीही विकणाऱ्याचा हात त्या मालावर राहतो का? १ जून १९०८ रोजी न्यायालयानं उत्तर दिलं. न्यायमूर्ती विल्यम डे यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा, की पुस्तकाच्या नव्या प्रती काढायचा आणि त्या विकायचा हक्क कॉपीराइटच्या मालकाचा आहे. पण एक प्रत त्यानं एकदा विकली, की पुढे ती कुणी किती किमतीला विकावी, हे कॉपीराइटच्या जोरावर त्याला ठरवता येत नाही. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, हे तत्त्व अमेरिकेच्या कायद्यात आलं. 'पहिल्या विक्रीचं तत्त्व' म्हणतात ते हेच.

आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १४ व्या कलमात, पुस्तकांबाबत, आधीच वितरणात आलेल्या प्रती लेखकाच्या हक्कातून वगळल्या आहेत. तरी वाद मिटलेला नाही. 'फक्त भारतात विक्रीसाठी' असं छापलेली स्वस्त पाठ्यपुस्तकं तुम्ही पाहिली असतील. अशी पुस्तकं परदेशात पाठवणाऱ्या विक्रेत्यांना दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० साली अंतरिम आदेशानं रोखलं. उलट, थायलंडमधून स्वस्त पुस्तकं मागवून अमेरिकेत विकणाऱ्या एका थाई विद्यार्थ्याच्या बाजूनं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली कौल दिला. वैध प्रत कुठेही छापली असो, विकली की विकली, असं तिथं ठरलं.

मी कवी आहे. माझ्या कवितांवर माझा कॉपीराइट आहे आणि तो मला हवाही आहे. कुणी माझा संग्रह परस्पर छापून विकला, तर मी भांडेन. पण माझ्या संग्रहाची जुनी प्रत पदपथावर दहा रुपयांत गेली, तर त्यात माझं कुणी काही चोरलेलं नसतं. शब्द माझे, प्रत घेणाऱ्याची. ही वाटणी मला न्याय्य वाटते. आमच्यासारख्यांच्या कविता वाचकापर्यंत जातात त्या बहुतेक वेळा अशाच, या हातातून त्या हातात.

कागद गेला आणि ही वाटणी विस्कटली. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीनं जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. ज्यानं ती विक्रीला ठेवली होती, त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे कारण खरं होतं. पैसेही परत दिले. पण दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक उचलतो आणि टेबलावर पैसे ठेवून जातो, याला आपण काय म्हणू? त्या पुस्तकांत एक 'नाइन्टीन एटी-फोर' होतं. नको असलेला मजकूर जिथं नाहीसा केला जातो, अशा राज्याची ती कादंबरी! कंपनीच्या प्रमुखांनी नंतर जाहीर माफी मागितली.

हे घडू शकलं, कारण ई-पुस्तकाच्या व्यवहारात बहुधा विक्री नसतेच. असतो तो वापराचा परवाना. विक्री नाही, म्हणून पहिल्या विक्रीचं तत्त्व नाही. बटणावर मात्र 'विकत घ्या' असंच लिहिलेलं असतं. कॅलिफोर्निया राज्यानं २०२४ साली कायदा केला, की परवानाच देणार असाल, तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. २०२५ च्या जानेवारीपासून तो लागू झाला.

तेवढ्यानं भागणार नाही. आजोबांच्या कपाटातली पुस्तकं नातवाला मिळतात. आजोबांच्या ई-पुस्तकांच्या खात्याचं काय होणार, हे कंपनीच्या अटी ठरवतात. १९०८ साली पुस्तकात छापलेली सूचना न्यायालयानं मानली नाही. आज तीच सूचना लांबलचक अटींच्या रूपात पडद्यावर येते आणि आपण न वाचताच 'मान्य' म्हणतो. पैसे पुस्तकाचे घेतले असतील, तर ते दुसऱ्याला द्यायची मोकळीकही ग्राहकाला मिळाली पाहिजे. लेखक म्हणूनही मी हेच म्हणेन.