धर्मगुरूकडून दुखावलेल्यांना हात कुणी दिला?



आजचा विषय जड आहे, पण चातुर्मास तोंडावर असताना मुद्दाम घेते आहे. या चार महिन्यांत आपल्या लेकी-नाती प्रवचनाला, पाठशाळेला, आहारदानाला जास्त वेळा जातात. जावंच. पण मध्यंतरी मी आणि सूनबाईंनी मिळून 'स्पॉटलाइट' हा सिनेमा पाहिला. बोस्टनच्या वर्तमानपत्राने पाद्र्यांचे अत्याचार कसे उघडकीला आणले, त्याची ती खरी गोष्ट. सिनेमा संपल्यावर सूनबाई म्हणाल्या, "आई, बातमी छापून आली, पण त्या मुलांचं पुढे काय झालं? त्यांना कुणी सांभाळलं?" तो प्रश्न मला सोडेना. मग मी वाचत गेले. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी थोडी माहिती. कॅथलिक चर्चमधले पाद्री लग्न करत नाहीत, त्यांना 'फादर' म्हणतात. बऱ्याच चर्चेसचा मिळून एक धर्मप्रांत होतो, त्याचा प्रमुख बिशप. पाद्र्याने कुठे राहायचं, बदली कुठे व्हायची, हे बिशप ठरवतो. सगळी गडबड याच बदलीत होती. तक्रार आली की पाद्र्याला थोडे दिवस उपचाराला पाठवायचं आणि मग दुसऱ्या गावी नेमायचं. नव्या गावातल्या आयांना काहीच माहीत नसायचं.

अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना राज्यात लाफायेत नावाचा धर्मप्रांत आहे. तिथल्या गिल्बर्ट गोथे या पाद्र्याने कित्येक लहान मुलांवर अत्याचार केले. धर्मप्रांताने पालकांशी गुपचूप पैशांची तडजोड केली आणि बाहेर बोलायचं नाही, अशी अट घातली. एका कुटुंबाने ते नाकारलं आणि उघड दावा लावला. १९८५ साली गोथेने गुन्हा कबूल केला, त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. जेसन बेरी या पत्रकाराने हे सगळं लिहून काढलं.

त्याच वर्षी तिघांनी मिळून बिशपांसाठी एक अहवाल तयार केला. त्यात दोन पाद्रीच होते. धर्मकायद्याचे जाणकार फादर थॉमस डॉयल आणि मानसोपचारतज्ज्ञ फादर मायकेल पीटरसन. तिसरे गोथेचे वकील रे मूटन. वेळीच पावलं उचलली नाहीत तर दहा वर्षांत शंभर कोटी डॉलरहून जास्त भुर्दंड पडेल, असा इशारा त्यांनी दिला. बिशपांच्या परिषदेने तो अहवाल स्वीकारला नाही. मी बी.कॉम. झालेली बाई, पटकन माझ्या मनात आलं की ज्यांना मुलांचे अश्रू दिसले नाहीत, त्यांना निदान हिशोब तरी कळायला हवा होता. तोही कळला नाही.

आता त्या बाईंची गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. बार्बरा ब्लेन. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातली, धार्मिक घरातली मुलगी. १९६९ साली, ती तेरा वर्षांची असताना, त्यांच्याच चर्चच्या पाद्र्याने तिच्यावर अत्याचार सुरू केले आणि ते काही वर्षं चालले. मोठी झाल्यावर तिने समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि शिकागोत बेघर लोकांसाठी घर चालवू लागली. म्हणजे धर्मावरची तिची श्रद्धा सुटली नव्हती, सेवाही सुटली नव्हती. १९८५ साली बेरींचा लेख तिच्या वाचनात आला आणि आत दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. ती आपल्या धर्मप्रांताकडे गेली. तिथे तिची दाद लागली नाही.

मग तिने काय करावं? तिच्यासारखे आणखी कोण आहेत ते शोधायला लागली. १९८८ साली शिकागोत तिने 'सर्व्हायव्हर्स नेटवर्क ऑफ दोज अब्यूज्ड बाय प्रीस्ट्स' ही संस्था सुरू केली. सगळे तिला 'स्नॅप' म्हणतात. पद्धत अगदी साधी होती. काही माणसं गोल करून बसायची आणि ज्याला बोलायचं तो बोलायचा. मदत करणारा आणि मदत घेणारा, दोघेही त्याच दुःखातून गेलेले. इथे बोललेलं इथेच राहणार, हा नियम. आजवर ज्याला वाटत होतं की जगात हे फक्त माझ्याच बाबतीत झालं, माझंच काहीतरी चुकलं असेल, त्याला समोरचा माणूस म्हणायचा, 'माझ्याही बाबतीत झालं.' पैसा नाही, इमारत नाही, तरी मदतीची सुरुवात इथून झाली. चर्चच्या बाहेरून झाली, आणि एका बाईने केली.

पुढची चौदा वर्षं ही माणसं चर्चच्या दारात उभी राहून पत्रकं वाटत होती. लोक त्यांना धर्मबुडवे म्हणत होते. मग ६ जानेवारी २००२ ला 'बोस्टन ग्लोब'ची बातमी आली. जॉन गेगन या एका पाद्र्याविरुद्ध १३० हून अधिक लोकांच्या तक्रारी होत्या. बातमीच्या शेवटी वर्तमानपत्राने आपला फोन नंबर छापला होता. त्यावर फोन येतच राहिले. चाळिशी-पन्नाशीतली माणसं पहिल्यांदाच तोंड उघडत होती. डिसेंबरमध्ये कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावं लागलं. दुसऱ्या वर्षी बोस्टनच्या चर्चने साडेपाचशेच्या आसपास लोकांना मिळून साडेआठ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं आणि पुढे आर्चबिशपांचं निवासस्थानही विकलं.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली, ती मला फार महत्त्वाची वाटते. बोस्टनजवळ वेलस्ली गावात चर्चच्या तळघरात साधे श्रावक म्हणावेत असे लोक जमले. त्यांनी 'व्हॉइस ऑफ द फेथफुल' ही संघटना काढली. त्यांना धर्म सोडायचा नव्हता. धर्म आमचा आहे, म्हणून कारभार कसा चालतो ते विचारायचा हक्कही आमचा आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. २००३ साली 'बिशप अकाउंटेबिलिटी' नावाची दुसरी संस्था निघाली. ती कोर्टातली, चर्चमधली कागदपत्रं जमा करून सगळ्यांना वाचायला खुली ठेवते. कागद जपणं हीसुद्धा मदतच. 'असं काही घडलंच नव्हतं' म्हणणाऱ्यासमोर ठेवायला हातात काहीतरी लागतं.

चर्चही हललं. जून २००२ मध्ये डॅलस शहरात बिशपांनी नियमावली केली. प्रत्येक धर्मप्रांतात पीडितांना मदत करणारी व्यक्ती नेमायची, मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायची, तक्रारी पाहणाऱ्या मंडळात बहुसंख्य सामान्य लोक घ्यायचे. २००४ साली जॉन जे कॉलेजचा अहवाल आला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ पाद्र्यांवर आरोप झाले होते आणि १०,६६७ जणांनी तक्रार केली होती. तरी पीडितांची एक शंका राहिलीच. मदतनीसाचा पगार बिशपच देणार असेल, तर ती कुणाच्या बाजूने बोलणार?

दुसरी अडचण कायद्याची. लहानपणी घडलेलं माणूस तीस-तीस वर्षांनी बोलतो आणि तोवर दाव्याची मुदत संपलेली असते. म्हणून पीडितांनी कायदेमंडळांचे उंबरे झिजवले. कॅलिफोर्नियाने २००३ साली एक वर्षासाठी जुन्या दाव्यांना दार उघडलं, न्यूयॉर्कने २०१९ साली. लॉस एंजेलिसच्या चर्चला २००७ साली ५०८ जणांना ६६ कोटी डॉलर द्यावे लागले.

ऑस्ट्रेलियात सरकारनेच आयोग नेमला. २०१३ ते २०१७ या काळात आठ हजारांहून जास्त लोकांचं म्हणणं बंद खोलीत, एकेकट्याने ऐकून घेतलं. बॅलरॅट गावात लोकांनी जुन्या शाळेच्या कुंपणाला रंगीत फिती बांधल्या. न बोलता सांगितलं, आम्ही तुमच्या बाजूचे. १ जुलै २०१८ पासून तिथे भरपाईची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिचे तीन भाग आहेत. दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत रक्कम, समुपदेशन, आणि हवी असेल तर संस्थेच्या जबाबदार माणसाने समोर येऊन मागितलेली माफी. 'हवी असेल तर' हे शब्द लक्षात ठेवा.

एक गोष्ट लपवणार नाही. २०१७ साली स्नॅपवरही खटला झाला. वकिलांकडून देणग्या घेऊन त्यांच्याकडे पीडितांना पाठवलं जातं, असा आरोप एका माजी कर्मचारी महिलेने केला. संस्थेने तो नाकारला, पुढच्या वर्षी तडजोड झाली. बार्बरा ब्लेन २०१७ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या. तीस वर्षांचं काम यामुळे पुसलं जात नाही. पण मदत करणाऱ्या संस्थेचाही हिशोब स्वच्छ आणि उघडा हवा, हे मात्र खरं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. मैत्रिणींनो, इकडे पाहा. आसारामला जोधपूरच्या कोर्टाने २०१८ साली जन्मठेप दिली. तक्रार करणारी शाळकरी मुलगी होती आणि त्या खटल्यांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खूनही झाले. सिरसाच्या डेऱ्यातल्या साध्वीने २००२ साली निनावी पत्र लिहिलं, निकाल लागला २०१७ साली. आणि सुरतेत एका दिगंबर मुनींविरुद्ध २०१७ साली तरुणीने तक्रार केली, एप्रिल २०२५ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. हे लिहिताना माझा हात जड झाला. पण एका माणसाचा गुन्हा म्हणजे पिंछी-कमंडलूचा अपमान नव्हे. गुन्हा झाकणं हा मात्र नक्कीच अपमान आहे.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत दीक्षेची वर्षं कमी करणारा छेद आहे, काही काळ संघापासून दूर ठेवणारा परिहार आहे. म्हणजे साधूकडूनही दोष घडतो, हे आपल्या आचार्यांनी कधीच मान्य केलं होतं. पण प्रायश्चित्त हे दोष करणाऱ्याच्या आत्म्यासाठी. त्याने त्या मुलीची भरपाई होत नाही आणि पोलिसांची जागाही भरून निघत नाही. क्षमेचंही तेच. क्षमावाणीच्या दिवशी आपण स्वतःहून क्षमा मागतो. पण 'आता क्षमा कर, विसरून जा' असं दुखावलेल्या मुलीला सांगायचा अधिकार ना ट्रस्टींना, ना आजीला. क्षमा तिची आहे, तिला वाटेल तेव्हा ती देईल, किंवा देणार नाही.

मग आपण काय करायचं? मुलगी बोलली तर आधी पूर्ण ऐकायचं. 'तू तिथे गेलीसच कशाला' हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. तिला म्हणायचं, 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही.' मग ट्रस्टची बैठक नाही, आधी पोलीस. मूल अठराच्या आतलं असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. तो सांगतो की ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणं हाच गुन्हा. धार्मिक संस्थेतल्या माणसाने तिथेच मुलावर केलेला अत्याचार या कायद्यात जास्त गंभीर धरला आहे. जबाब मुलाच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, तीही गणवेशाशिवाय. मुलाचं नाव छापता येत नाही. मोठ्या बाईलाही कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते. दवाखान्याने, सरकारी असो की खासगी, पहिला उपचार फुकट करायलाच हवा. महाराष्ट्रात 'मनोधैर्य' योजनेतून मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. एकाच ठिकाणी सल्ला, वकील, निवारा देणारी 'सखी' केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

हे नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२, मनाच्या त्रासासाठी १४४१६. नातीला दिसतील असे लिहा. आणि तुमच्या मंदिराच्या ट्रस्टला यंदा चातुर्मासाआधीच विचारा की आहाराच्या, वैयावृत्त्याच्या वेळी मुलीबाळींबरोबर घरचं मोठं माणूस असेल ना, आणि तक्रार आली तर पोलिसांना कोण कळवणार. उत्तर लेखी मागा.