कफ-दाब (श्वसनमार्गातील नळ्यांचा)

एण्डोट्रॅकिअल व ट्रेकिओस्टॉमी नळीभोवतीच्या, तसेच लॅरिंजिअल मास्कच्या कडेच्या फुग्यात (कफ) भरलेल्या हवेचा दाब. तो सेंटिमीटर पाण्यात मोजतात. श्वासनलिकेतील नळीसाठी तो २० ते ३० सेंमी ठेवावा, असा प्रघात आहे. फुगा दोन कामे करतो : व्हेंटिलेटरची हवा निसटू देत नाही आणि घशातील स्राव फुफ्फुसात उतरू देत नाही. दोन्ही कामे श्वासनलिकेच्या भिंतीवर दाब देऊनच होतात. भिंतीच्या पुढच्या व बाजूच्या भागात कूर्चेची कडी असतात. फुगा आणि कूर्चा यांच्यामध्ये चिरडते ती पातळ अंतस्त्वचा. तिच्या केशवाहिन्यांतील रक्त थांबले की आधी व्रण, मग कूर्चेचा ऱ्हास आणि काही रुग्णांत पुढे नलिकेचे आकुंचन, असा क्रम लागतो.

कफयुक्त नळी ट्रेन्डेलेनबर्ग (१८७१) व ग्वेडेल-वॉटर्स (१९२८) यांच्यापासून ज्ञात आहे. पण प्रश्न गंभीर झाला तो १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओ साथीनंतर, रुग्ण आठवडेच्या आठवडे कृत्रिम श्वासावर राहू लागले तेव्हा. बोस्टनच्या कूपर व ग्रिलो यांनी १९६९ मध्ये आकुंचनाचा दोष ताठ, उच्चदाब फुग्यांवर ठेवला. पुढे मोठे, सैल, कमी दाबाचे फुगे रूढ झाले. तेही निर्दोष नाहीत. सैल प्लास्टिकला चुण्या पडतात आणि त्यांतून स्राव झिरपतो, म्हणून दाबाला खालचीही मर्यादा लागते.

वरच्या मर्यादेचा आधार मुख्यत्वे सीगोबिन व व्हॅन हॅसेल्ट यांचा १९८४ चा अभ्यास. शस्त्रक्रियेच्या ४० रुग्णांत दाब बदलत नेऊन त्यांनी दुर्बिणीतून अंतस्त्वचेची छायाचित्रे घेतली आणि दाब वाढला की ती फिकी पडते, हे दाखवले. ३० सेंमी (सुमारे २२ मिमी पारा) ओलांडू नये, ही त्यांची शिफारस. मात्र हा आकडा शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या रुग्णांवरून आला आहे. अतिदक्षता विभागात रक्तदाब घसरलेल्या रुग्णाची अंतस्त्वचा त्याहून कमी दाबानेही उपाशी राहू शकते. ३० हा इशारा आहे, अभयपत्र नव्हे.

दाब मोजण्याची गरजच काय, अनुभवी भूलतज्ज्ञाला पायलट बलून (फुग्याला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) बोटांनी चाचपून तो कळतो, असा एक जुना आक्षेप. मॅनोमीटरशी (दाबमापकाशी) ताडून पाहता चाचपणी अनेकदा चुकते, आणि बहुधा प्रत्यक्ष दाब जास्त निघतो. शिवाय भरलेला दाब स्थिर राहत नाही : भुलीचा नायट्रस ऑक्साइड वायू फुग्यात शिरून तो वाढवतो, हवाई रुग्णवाहिकेत उंचीवर हवा प्रसरण पावते, मान वळवली तरी तो बदलतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : मॅनोमीटर जोडतानाच थोडी हवा निसटते, म्हणजे मोजणीच दाब पाडते. हे खरे आहे. पण त्यावरचा उपाय मोजणी सोडणे हा नसून मोजल्यावर दाब पुन्हा जुळवणे किंवा सतत नियंत्रण ठेवणारे उपकरण लावणे हा आहे. तिसरा मुद्दा असा की, इजा केवळ दाबाने होत नाही. नळीचा आकार, किती दिवस राहिली, संसर्ग हेही घटक आहेत. त्यांचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. तरी यांपैकी रुग्णाच्या उशाशी उभे राहून मिनिटभरात दुरुस्त करता येतो तो दाबच.

लॅरिंजिअल मास्क (आर्ची ब्रेन, १९८१) श्वासनलिकेत न उतरता घशात बसतो, म्हणून त्याची मर्यादा वेगळी, सर्वसाधारणपणे ६० सेंमी. अधिक दाबाने घसा दुखणे व गिळताना त्रास होतो. जिभेच्या व स्वरयंत्राच्या चेतांना इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. कमाल आकारमानापर्यंत हवा भरण्याची सवय इथे विशेष घातक, कारण वेष्टनावरचा तो आकडा मिलिलिटरचा असतो, दाबाचा नव्हे. आय-जेल या घशातच बसणाऱ्या साधनाला फुगाच नाही, म्हणून हा प्रश्न येत नाही.

लहान मुले : पूर्वी फुगा टाळत, आता दाब मोजून वापरतात.

बोटाने चाचपलेला दाब रुग्णाच्या नोंदपत्रकात ‘मोजला’ म्हणून लिहू नये.