कोरियाचा कमळकंदील : तार, कागद आणि वस्तीतले हात

दक्षिण कोरियात बुद्धजयंतीच्या दीपोत्सवाला यॉन्दुंगह्वे म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या उत्सवाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. फोटोत आपल्याला दिसतात ते रस्ताभर हलणारे रंगीत कंदील. फोटोत दिसत नाही ते हे, की मिरवणुकीतल्या अनेकांनी हातातला कंदील आधीच्या काही आठवड्यांत विहारात बसून स्वतः केलेला असतो. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला आणि १४ एप्रिलला लागणारी रोषणाई मात्र बहुतेक ठिकाणी भाड्याची असते. म्हणून या कंदिलाची माहिती जरा तपशिलात देत आहे.

इ.स. ८६६ मध्ये सिल्ला राज्याचा राजा ग्यॉन्गमुन ह्वांग्न्योंगसा विहारात कंदील पाहायला गेला, अशी नोंद ‘सामगुक सागी’ या जुन्या इतिहासग्रंथात आहे. पुढे गोर्यो काळात हा राज्याचाच उत्सव झाला. १३९२ मध्ये जोसॉन राजवट आली, कन्फ्यूशियन मताला राजाश्रय मिळाला आणि बौद्धांचे दिवस फिरले. भिक्खूंची गणना खालच्या दर्जाच्या लोकांत होऊ लागली. राजधानीच्या तटाच्या आत पाऊल टाकायलाही त्यांना बंदी झाली. ती उठली १८९५ मध्ये. सरकारी उत्सव थांबला, तरी चौथ्या चांद्रमासातल्या अष्टमीला दिवे लावण्याची चाल सामान्य लोकांनी टिकवली. आज सोलमधली मिरवणूक त्याच जुन्या तटाच्या पूर्व दरवाजापासून, म्हणजे दोंगदेमुनपासून, जोंगनो रस्त्याने जोग्येसा विहारापर्यंत जाते. वेशीबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मार्गाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

(तिकडची अष्टमी आणि आपली वैशाख पौर्णिमा एक नव्हे. २०२५ मध्ये तिकडे ५ मे होती, आपल्याकडे १२ मे.)

मिरवणुकीत हत्ती, ड्रॅगन असे गाडीवरचे मोठे कंदीलही असतात. आपण हातात धरायचा किंवा दारात टांगायचा आठ बाजूंचा कमळकंदील घेऊ. आठ बाजू म्हटल्यावर अष्टांगिक मार्ग आठवतोच. लहान मुलांना सांगाडा करता करता तो सांगता येतो.

साधारण दोन मिलिमीटर जाडीची जीआय तार पाच मीटर घ्यावी. मधल्या मोठ्या कड्यासाठी ९२ सेंटिमीटरचा तुकडा, वरच्या आणि खालच्या लहान कड्यांसाठी ४८-४८ चे दोन. टोके चार सेंटिमीटर एकावर एक ठेवून बारीक बाइंडिंग तारेने आवळायची. मग ३२ सेंटिमीटरच्या आठ काड्या कापायच्या, प्रत्येक काडी बरोबर मधोमध वाकवायची आणि दोन्ही टोकांना पकडीने आकडा काढायचा. आकडे लहान कड्यांत अडकतात, मधला बाक मोठ्या कड्यावर बसतो. सगळे सांधे बांधून झाले की वरच्या कड्यात एक आडवी तार टाकायची. होल्डर तिलाच लटकतो. तारेचे प्रत्येक टोक आत वळवले पाहिजे. बाहेर राहिलेले एक टोक पुरते कागद फाटायला, आणि पोराचा हात कापायलाही.

आता अशी गोष्ट जी बहुतेक जण गाळतात आणि मग कंदील दोन दिवसांत सुटतो. नुसत्या जस्ती तारेवर खळ धरत नाही. आधी कागदाची बोटभर रुंद पट्टी खळीत भिजवून साऱ्या तारेवर गुंडाळायची आणि वाळू द्यायची. त्यानंतरचा कागद या पट्टीला चिकटतो, तारेला नाही.

कोरियात यासाठी हांजी वापरतात. तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीपासून केलेला हा कागद लांब धाग्यांमुळे चिवट असतो आणि त्यातून उजेड मऊ होऊन येतो. आपल्याकडे पातळ हातकागद चालेल, नाहीतर पतंगाचा कागद दुहेरी. प्रत्येक भाग चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मोठा कापावा आणि एकाआड एक भाग लावत जावे. वाळल्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की पुन्हा वाळताना कागद ताणला जातो, सुरकुत्या निघतात. वरचे आणि खालचे तोंड उघडेच ठेवायचे, हवा खेळली पाहिजे. पाकळ्यांचे टोक बोटांनी पिळून त्या वरच्या ओळीपासून चिकटवायच्या, म्हणजे खालची ओळ वरचीची बुडे झाकते. शेवटची ओळ हिरव्या पानांची. गुलाबीच हवे असे नाही. निळी पाकळी आपल्या दारात जास्त शोभेल.

दिवा एलईडीच, तीन ते पाच वॅटचा. मेणबत्ती अजिबात नको. वायरला ताण बसू नये म्हणून तिला कड्याशी गाठ द्यावी.

हे काम वस्तीत कोणाला जमेल, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. सेंटरिंगच्या सळया बांधणारा माणूस तार जितक्या झटकन पिळतो, तितकी कोणत्याही शिबिरातल्या प्रशिक्षकाला पिळता येणार नाही. त्यालाच शिकवायला बसवा. एरवी मंडळाच्या बैठकीत त्याच्याकडून फक्त वर्गणी घेतली जाते. आणखी एक. तार-वायरिंग मुलांकडे, कापणे-चिकटवणे मुलींकडे अशी वाटणी कोणी न ठरवता होते. ती पहिल्याच दिवशी उलटी करावी.

कोरियातली सगळीच रीत उचलावी असे मी म्हणत नाही. विहारात दान देऊन कंदील टांगायचा आणि त्याखाली नावाची, इच्छेची चिठ्ठी लावायची, ही पद्धत तिथे सर्रास आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने हा भाग सोडून द्यावा. चिठ्ठी लावायचीच तर कंदील कोणी केला त्यांची नावे लिहा.

थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी जयंतीनंतर गटारात तो दिसतोच. या कंदिलाचा कागद खराब झाला तर भिजवून सोलून काढता येतो. सांगाडा गंज न लागता राहिला तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यावर नवा कागद चढतो. फक्त आठ-दहा सांगाडे एकमेकांवर रचून ठेवू नयेत, वरच्या वजनाने खालचे चेपतात. विहाराच्या वाशाला दोरी बांधून टांगून ठेवलेले बरे.